‘पिऊन आलाय’ एवढ्यावर निदान थांबते तेव्हा : आकस्मिक विभागातील व्यसनाधीन रुग्ण

चंद्रकोर (धागाकर्ती)

गेली चौदा वर्षे मी रुग्णालयाच्या आकस्मिक विभागात डॉक्टर म्हणून काम करते आहे आणि ज्या चुकीमुळे हा धागा काढावासा वाटला, ती माझ्या पहिल्या वर्षातली आहे. रात्री दोनच्या सुमारास पन्नाशीच्या आसपासचे एक गृहस्थ स्ट्रेचरवरून आले. तोंडाला दारूचा भपकारा, बोलणे अडखळत, शर्टावर उलटी. सोबतच्या माणसाने “नेहमीचंच आहे, पिऊन पडलेत” असे सांगितले. मी ते केसपेपरवर जवळपास त्याच शब्दांत उतरवले, सलाईन लावायला सांगितले आणि त्यांची खाट भिंतीकडेला सरकवली. सकाळी सव्वासहाला नाडी पाहायला गेलेल्या सिस्टरांनी मला हाक मारली. श्वासाची लय बदलली होती, उजव्या डोळ्याची बाहुली डावीपेक्षा मोठी झाली होती आणि मी डोके चाचपले तेव्हा कानामागे केसांत लपलेली मऊ सूज बोटांना लागली. स्कॅनमध्ये मेंदूच्या आवरणाखाली रक्त साकळलेले दिसले. शस्त्रक्रिया झाली, ते जगले, पण डाव्या हाताची ताकद पूर्णपणे परत आली नाही. ती सूज चार तास आधी शोधायला मला अर्धे मिनिटही लागले नसते.

नियमित पिणाऱ्या माणसाच्या डोक्यातील रक्तस्राव हा योगायोग नसतो. वर्षानुवर्षांच्या दारूने मेंदू आक्रसतो, त्यामुळे मेंदू आणि कवटी यांच्यामधल्या बारीक शिरा ताणल्या जातात आणि किरकोळ धक्क्यानेही फाटू शकतात. त्यातच यकृत बिघडले की रक्त गोठवणारे घटक आणि प्लेटलेट कमी होतात. म्हणजे ज्याच्या डोक्याच्या दुखापतीकडे सर्वांत जास्त लक्ष द्यायला हवे, त्याच्याकडेच “झोपू द्या, उतरेल” म्हणून पाठ फिरवली जाते. डोक्याला मार, रक्तातील साखर घसरणे, न्यूमोनियामुळे शरीरभर पसरलेला जंतुसंसर्ग, नुकतीच येऊन गेलेली फिट, यकृत निकामी झाल्याने आलेली गुंगी, या सगळ्यांत माणूस अडखळत बोलतो, तोल जातो, चिडतो. आणि यांपैकी काहीही दारूच्या वासासोबत एकाच शरीरात असू शकते.

त्यानंतर मी स्वतःला एक शिस्त लावून घेतली. रक्तातील दारू साधारणपणे दर तासाला प्रति डेसिलिटर १५ ते २० मिलिग्रॅम या वेगाने उतरते, सवय मुरलेल्या शरीरात त्याहूनही वेगाने. म्हणून केवळ दारूच्या अंमलाखाली असलेला माणूस तासागणिक सुधारताना दिसलाच पाहिजे. तो आहे तिथेच राहिला किंवा आणखी खालावला, तर दुसरे कारण शोधायला लागायचे, आणि तोवर दर तासाला त्याला हलवून जागे करायचे, बाहुल्या पाहायच्या, नोंद करायची. बोटातून रक्त घेऊन साखर तपासणे तर दारातच झाले पाहिजे.

दुसरी गोष्ट जीवनसत्त्व बी-१ ची, म्हणजे थायामिनची. दीर्घकाळ पिणारे अनेक जण जेवणाकडे दुर्लक्ष करतात आणि दारूमुळे आतड्यातून थायामिन शोषलेही नीट जात नाही. शरीरातील साठा काही आठवड्यांतच संपतो. मग मेंदूच्या ठरावीक भागांना इजा होते. कार्ल वेर्निके यांनी १८८१ साली वर्णन केलेल्या या विकारात गोंधळलेपण, डोळ्यांच्या हालचालीतील बिघाड आणि चालताना जाणारा तोल ही तीन लक्षणे पाठ्यपुस्तकात एकत्र शिकवली जातात. परंतु शवविच्छेदनातून निदान झालेल्या रुग्णांच्या एका जुन्या पाहणीत ही तिन्ही एकत्र जेमतेम सहापैकी एकातच नोंदली गेली होती. बाकीच्यांच्या कागदांवर काय लिहिले गेले असेल, याची मला कल्पना करता येते. वेळेत शिरेतून थायामिन दिले तर हा विकार मागे फिरू शकतो. उशीर झाला तर स्मरणशक्ती कायमची जाते, नवीन काही लक्षात राहत नाही आणि रिकाम्या जागा मन स्वतःच कहाण्यांनी भरत राहते. औषध स्वस्त आहे, जवळपास निर्धोक आहे, आणि तरीही ते द्यायचे राहून जाते.

आकस्मिक विभागात काम करणारे, तिथे रुग्ण म्हणून किंवा नातलग म्हणून आलेले, अशा सर्वांचे अनुभव वाचायला आवडतील. आपल्याला वेगळे वाटत असेल तर तेही मोकळेपणाने लिहावे.

जिज्ञासू

लेख मन लावून वाचला. आपण स्वतःची चूक उघडपणे मांडलीत, त्याबद्दल आदर वाटतो. तरीही एक प्रश्न विचारतो, आणि तो दुखावण्यासाठी नाही. माझ्या वडिलांना छातीत दुखू लागले म्हणून एकदा रात्री आकस्मिक विभागात नेले होते. शेजारच्या खाटेवर एक प्यायलेला तरुण आरडाओरडा करत होता, दोन परिचारिका आणि एक डॉक्टर त्याच्यातच अडकले होते आणि वडिलांचा ईसीजी निघायला बराच वेळ लागला. एकाने स्वतः ओढवून घेतलेला त्रास आणि दुसऱ्याचा न मागता आलेला आजार, यांना एकाच मापाने मोजणे न्याय्य आहे का? आणि हे रुग्ण पुन्हा पुन्हा येतच राहणार असतील, तर या धडपडीचा उपयोग काय?

अबोली

मी परिचारिका आहे, आता अस्थिरोग वॉर्डात, आधी सहा वर्षे आकस्मिक विभागात होते. जिज्ञासू यांच्या प्रश्नाचे उत्तर डॉक्टर देतीलच, मी फक्त एका रुग्णाबद्दल लिहिते.

पायाचे हाड मोडून आलेले चाळिशीतील गृहस्थ, अतिशय सभ्य, दाखल होताना पूर्ण शुद्धीत. त्यांनी दारूविषयी काही सांगितले नाही आणि कुणी विचारलेही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप धरताना त्यांचा हात असा थरथरत होता की बशी वाजत होती. घाम फुटला होता, नाडी ११८. आम्ही दुखण्यामुळे असेल असे समजलो. तिसऱ्या रात्री ते चादरीवरून काहीतरी चिमटीत पकडून खाली टाकू लागले. मी विचारले तेव्हा म्हणाले, “सिस्टर, या मुंग्या तुम्हाला दिसत नाहीत का?” चादर पांढरी स्वच्छ होती. अर्ध्या तासात त्यांनी सलाईनची सुई उपसली आणि मोडक्या पायावर उभे राहण्याचा प्रयत्न केला. वॉर्डातले सगळे म्हणत होते की माणूस वेडा झाला. त्यांच्या पत्नीला बाजूला घेऊन विचारल्यावर कळले की गेली बारा वर्षे त्यांनी एकही दिवस दारूशिवाय काढलेला नव्हता आणि रुग्णालयात आल्यापासूनचे हे दिवस पहिलेच होते.

तेव्हापासून मी दाखल होणाऱ्या प्रत्येकाला, स्त्री असो वा पुरुष, म्हातारा असो वा तरुण, “दारू पिता का?” असे विचारत नाही. त्याला उत्तर ठरलेले असते: “नाही”, फार तर “कधीतरी”. मी रक्तदाबाचा पट्टा बांधता बांधता विचारते, “शेवटचं पिणं कधी झालं होतं? वेळ आठवते का?” हात पट्ट्यात असतो, नजर काट्यावर असते, माणूस खरे बोलून जातो.

चंद्रकोर

अबोली, आपण सांगितलेला प्रसंग आमच्याकडे प्रशिक्षणात सांगावा असा आहे. दारू अचानक तुटल्यावर होणाऱ्या या त्रासाचे वेळापत्रक ठरलेले असते, म्हणूनच तो टाळता येतो. शेवटच्या पेयानंतर साधारण ६ तासांपासून थरथर, घाम, मळमळ, बेचैनी सुरू होते. आकडी येण्याचा धोका ६ ते ४८ तासांत सर्वाधिक असतो. आणि ४८ ते ९६ तासांच्या दरम्यान काही रुग्णांत तो भ्रम सुरू होतो ज्याला डॉक्टर डेलिरियम ट्रेमेन्स म्हणतात. हे नाव १८१३ साली थॉमस सटन यांनी दिले. उपचार नसत तेव्हा यात दगावणाऱ्यांचे प्रमाण एक तृतीयांशाच्या आसपास असे. आज वेळेवर डायझेपाम किंवा लोराझेपाम गटातील मेंदू शांत करणारी औषधे, थायामिन, मॅग्नेशियमसारख्या क्षारांची भरपाई आणि सतत देखरेख मिळाली, तर ते पाच टक्क्यांच्या खाली राहते. थरथर, घाम, बेचैनी, भास अशा दहा बाबींना गुण देऊन तीव्रता मोजण्याची पद्धत १९८९ पासून प्रचलित आहे, तिचे कमाल गुण ६७. परिचारिका दर काही तासांनी गुण काढतात आणि औषधाची मात्रा त्यानुसार ठरते. दारूचे व्यसन असलेल्या माणसाने घरच्या घरी एका दिवसात अचानक दारू बंद करणे किती धोक्याचे ठरू शकते, हेही यावरून लक्षात यावे. घरचे लोक चांगल्या हेतूने त्याला खोलीत कोंडतात आणि तिसऱ्या दिवशी आमच्याकडे आणतात.

ही लक्षणे कुपोषणाची की दारू तुटण्याची, यावर बराच काळ वाद होता. १९५५ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात शिक्षा भोगणाऱ्या काही स्वयंसेवकांना कित्येक आठवडे दारू दिली गेली, आहार आणि जीवनसत्त्वे भरपूर दिली गेली आणि मग दारू एकदम थांबवली. धडधाकट माणसांना आकड्या आल्या, भास झाले. आजच्या कुठल्याही नीतिसमितीने असा प्रयोग होऊ दिला नसता आणि तो वाचताना मला नेहमी अस्वस्थ वाटते. पण दारू तुटण्याने मेंदूवर जे ओढवते ते इच्छाशक्तीच्या पलीकडचे आहे, हे त्यातून निर्विवाद ठरले.

जिज्ञासू, आता आपला प्रश्न. आपल्या वडिलांचा ईसीजी लांबला, हे चुकीचेच झाले. छातीत दुखणाऱ्या रुग्णाचा ईसीजी दहा मिनिटांत निघावा असा दंडक आहे आणि दुसरा कुठलाही रुग्ण ही त्याला सबब होऊ शकत नाही. परंतु तो उशीर झाला तो त्या वेळी माणसे कमी पडली म्हणून. आमच्याकडे क्रम ठरतो तो कोणाचा जीव आधी धोक्यात आहे यावर. हृदयविकाराच्या रुग्णाला आम्ही तंबाखूबद्दल विचारतो, पण तंबाखू खाल्ली म्हणून त्याची खाट मागे सरकवत नाही. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने दारूचे व्यसन हा आजार असल्याचे १९५६ साली मान्य केले. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ या एका वर्षात जगभर सुमारे २६ लाख मृत्यू दारूशी आणि सुमारे ६ लाख मृत्यू इतर मादक द्रव्यांशी निगडित होते. पुन्हा पुन्हा येण्याविषयी म्हणाल, तर दम्याचे आणि मधुमेहाचे रुग्णही पुन्हा पुन्हा येतात. फरक इतकाच की त्यांना घरी सोडताना आम्ही औषध लिहून देतो, पुढची तारीख देतो. व्यसनाच्या रुग्णाला पुष्कळदा फक्त “पुन्हा पिऊ नका” एवढेच सांगून सोडले जाते. मग तो परत आला, तर त्यात नवल काय?

शब्दवेल

हा धागा दोन दिवस वाचते आहे, आज लिहिण्याचे धाडस करते. माझा धाकटा भाऊ अफूजन्य गोळ्यांच्या आहारी गेला होता. एका संध्याकाळी तो स्नानगृहात पडलेला सापडला. ओठ निळसर, घशातून घरघर, आणि श्वास इतक्या सावकाश की दोन श्वासांमध्ये मी आकडे मोजत होते. रुग्णालयात त्याला इंजेक्शन दिले आणि एका मिनिटात तो उठून बसला. मला वाटले चमत्कार झाला. पण तो आमच्यावर ओरडू लागला, अंगाला कंप सुटला, उलट्या झाल्या आणि तासाभराने “मी ठीक आहे” म्हणत कागदावर सही करून निघाला. कुणी थांबवले नाही. सुटला एकदाचा, असाच तिथला सूर होता. गाडीत माझ्या शेजारी बसल्या बसल्या त्याची मान पुन्हा कलली. मला वाटले दमला आहे, झोपला असेल. मग ती घरघर पुन्हा ऐकू आली. आम्ही गाडी वळवली म्हणून तो आज आहे.

त्याने रुग्णालयातून निघाल्यावर काही घेतले नव्हते, मी सतत सोबत होते. मग हे का झाले, हे मला आजवर कुणी समजावून सांगितलेले नाही.

अंतर्नाद

शब्दवेल, मी मनोविकारतज्ज्ञ आहे आणि व्यसनोपचार हेच माझे रोजचे काम आहे. आपल्या भावाने पुन्हा काही घेतले नव्हते, हे आपण म्हणता ते वैद्यकीयदृष्ट्या पूर्णपणे पटण्यासारखे आहे.

ते इंजेक्शन बहुधा नॅलॉक्सोनचे असावे. अमेरिकेत ते १९७१ पासून मान्यताप्राप्त आहे. मेंदूत श्वासावर नियंत्रण ठेवणाऱ्या पेशींवर अफूजन्य द्रव्य ज्या जागी जाऊन बसते, तिथून नॅलॉक्सोन त्याला हुसकावते आणि स्वतः ती जागा अडवते, म्हणून माणूस झटकन जागा होतो. पण नॅलॉक्सोनचा अंमल साधारण अर्धा ते दीड तासच टिकतो, तर मेथाडोनसारखी द्रव्ये किंवा सावकाश विरघळणाऱ्या गोळ्या कितीतरी जास्त वेळ शरीरात राहतात. नॅलॉक्सोन ओसरले की द्रव्य पुन्हा त्याच जागी येऊन बसते आणि श्वास पुन्हा मंदावतो. म्हणूनच अशा रुग्णाला काही तास देखरेखीखाली ठेवणे आणि गरज पडल्यास मात्रा पुन्हा देणे किंवा सलाईनमधून चालू ठेवणे अत्यावश्यक असते. त्याचे ओरडणे कृतघ्नपणाचे नव्हते. मोठी मात्रा एकदम दिली की शरीरातील अफूचा परिणाम क्षणात तुटतो आणि त्या यातना असह्य असतात. ज्याला वारंवार सवय आहे त्याला थोडे थोडे औषध देऊन, श्वास पुरेसा होईपर्यंतच वाढवत नेणे हे कौशल्य आहे. खडबडून जागे करणे हे उद्दिष्ट नाही, श्वास चालू राहणे हे आहे.

आता “सुटला एकदाचा” या वृत्तीविषयी. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात, अफूजन्य द्रव्याच्या अतिमात्रेतून वाचून आकस्मिक विभागातून घरी गेलेल्या ११,५५७ रुग्णांचा पाठपुरावा केला गेला. त्यांतील ६३५ जण, म्हणजे सुमारे ५.५ टक्के, वर्षभरात मरण पावले, आणि त्यांपैकी १३० मृत्यू पहिल्या महिन्यातले होते, २९ तर पहिल्या दोन दिवसांतले. दारातून बाहेर पडतानाचे ते दिवसच सर्वांत धोक्याचे असतात.

आणि तिथे करण्याजोगे पुष्कळ आहे. येल विद्यापीठातील गेल डी’ओनोफ्रिओ आणि सहकाऱ्यांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आकस्मिक विभागात आलेल्या, अफूजन्य द्रव्यांचे व्यसन असलेल्या ३२९ रुग्णांचे तीन गट केले होते. एका गटाला फक्त उपचार केंद्राचा पत्ता दिला, दुसऱ्याला थोडा वेळ समुपदेशन करून पुढची वेळ ठरवून दिली, आणि तिसऱ्याला समुपदेशनासोबत तिथेच ब्युप्रेनॉर्फिन हे औषध सुरू करून दिले. तीस दिवसांनी उपचारात टिकून असलेल्यांचे प्रमाण अनुक्रमे ३७, ४५ आणि ७८ टक्के होते. ब्युप्रेनॉर्फिन त्याच जागी घट्ट बसते पण अर्धवट परिणाम करते, त्यामुळे तगमग थांबते आणि श्वास बंद पडण्याचा धोका तुलनेने कमी राहतो. ते द्यायचे मात्र व्यसनी द्रव्य उतरून त्रास सुरू झाल्यावरच, नाहीतर त्रास उलट उसळतो. म्हणजे रुग्ण तळमळत आमच्यासमोर बसलेला असतो तीच उपचार सुरू करण्याची योग्य वेळ असते. आपल्या भावाला त्या रात्री पत्ता लिहिलेली चिठ्ठीसुद्धा मिळाली नाही, याचे मला फार वाईट वाटते.

पाऊलवाट

मी खाटेवरच्या बाजूने लिहितो. सात वर्षांपूर्वीपर्यंत मी शिरेतून द्रव्ये घेत होतो, आता त्यातून बाहेर आहे.

दोन वर्षांत मी अकरा वेळा आकस्मिक विभागात गेलो असेन. दर वेळी मी खोटे बोललो. दंडावर गळू झाले तर “खिळा लागला” म्हणालो. याचे कारण लाज एवढेच नव्हते. खरे सांगितले की पुढची वागणूक बदलते, हे मी दुसऱ्या भेटीतच शिकलो होतो. वेदनाशामक मागितले की “याला हवंच आहे ते” अशी नजरानजर होते. आणि सर्वांत मोठी भीती टर्कीची, म्हणजे द्रव्य तुटल्यावर होणाऱ्या तगमगीची. दाखल झालो तर सहा-सात तासांत अंग मोडायला लागणार, नाक-डोळे गळणार, पोटात मुरडा येणार, आणि तिथे कुणी औषध देणार नाही, हे माहीत असायचे. म्हणून मी ताप अंगावर काढत राहिलो. लोकांना वाटते असा माणूस सल्ला न जुमानता निघून जातो कारण त्याला जगायचे नाही. मी निघून जायचो कारण मला ती पुढची रात्र सोसवणार नव्हती.

बाराव्या वेळी ताप तीन आठवड्यांचा होता, श्वास घेताना बरगडीत कळ यायची. त्या रात्रीच्या डॉक्टर स्टूल ओढून माझ्या खाटेशेजारी बसल्या. एवढेच. उभ्या राहिल्या नाहीत, बसल्या. म्हणाल्या, “तुम्ही सुई वापरता हे मला दिसतंय, मी त्यावरून काही बोलणार नाही. शेवटची कधी घेतलीत ते सांगा म्हणजे तुम्हाला त्रास सुरू होण्याआधी औषध देते. मग तुमच्या हृदयाची तपासणी करू.” तपासणीत हृदयाच्या उजव्या बाजूच्या झडपेवर जंतूंचा थर जमलेला निघाला, त्याचेच तुकडे फुप्फुसात जाऊन अडकत होते. सहा आठवडे शिरेतून प्रतिजैविके घेतली. सहा आठवडे मी रुग्णालयात थांबलो! ज्याने मला आधीच्या दोन वर्षांत पाहिले होते, त्याचा विश्वास बसला नसता.

जिज्ञासू

पाऊलवाट, आपला प्रतिसाद वाचून मी माझा पहिला प्रतिसाद पुन्हा वाचला. “ओढवून घेतलेला त्रास” हे शब्द मी मागे घेतो. वडिलांच्या त्या रात्रीचा राग माझ्या मनात होता आणि तो मी चुकीच्या माणसावर काढला.

चंद्रकोर यांना आणखी एक विचारतो. दारू आणि अफू यांविषयी बरेच कळले. इतर द्रव्यांमुळे येणारे आजार कसे असतात? आणि रक्त-लघवीच्या तपासणीत हे सारे कळत नाही का?

चंद्रकोर

लघवीच्या तपासणीवर लोकांचा फार विश्वास असतो, आणि दुर्दैवाने काही डॉक्टरांचाही. नेहमीची पट्टी ठरावीक द्रव्येच ओळखते. अफू आणि मॉर्फिनसाठीची पट्टी फेंटानिलसारखी कृत्रिम अफूजन्य द्रव्ये ओळखत नाही, तर गांजा नियमित घेणाऱ्याची पट्टी शेवटच्या सेवनानंतर कित्येक आठवडे होकारार्थी येऊ शकते. त्यामुळे पट्टी काहीही म्हणो, श्वास मिनिटाला सहा आणि बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या असतील तर अफूच्या अतिमात्रेवरचे उपचार लगेच सुरू करायचे असतात.

कोकेन आणि मेथॅम्फेटामिन या उत्तेजक द्रव्यांत चित्र उलटे असते. बाहुल्या मोठ्या, नाडी धावती, रक्तदाब चढलेला. कोकेनने हृदयाच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सेवनानंतरच्या पहिल्या तासात हृदयविकाराच्या झटक्याचा धोका सुमारे २४ पट आढळला होता. म्हणून पंचविशीतल्या मुलाच्या छातीत दुखत असले, तरी “या वयात कुठला हृदयविकार” म्हणून ते हसण्यावारी नेता येत नाही. या गटात मी सर्वांत जास्त घाबरते ती अंगाच्या तापमानाला. झटापट करणाऱ्या माणसाला चार जणांनी दाबून धरले की स्नायू आणखी तापतात, तापमान ४१ अंश सेल्सिअसवर जाते, स्नायूंचे विघटन होऊन मूत्रपिंडे बंद पडतात आणि हृदय थांबू शकते. त्याला शांत करणारे औषध आणि थंड पाणी हवे असते. दोरखंड नव्हे. त्याचे तापमान मोजणे हे अशा गोंधळात सर्वांत आधी विसरले जाते.

गांजाविषयी एकच सांगते. दीर्घकाळ रोज घेणाऱ्या काहींना उलट्यांचे असे सत्र सुरू होते की ते दिवसदिवसभर गरम पाण्याखाली उभे राहतात, कारण तेवढ्यानेच बरे वाटते. हा विकार २००४ साली ऑस्ट्रेलियातील डॉक्टरांनी प्रथम वर्णन केला. “गरम पाण्याने आंघोळ केली की बरं वाटतं का?” हा प्रश्न ठाऊक नसल्याने अशा रुग्णांच्या दुर्बिणीच्या तपासण्या अनेकदा होतात आणि निदान मात्र राहून जाते.

विषारी दारूत बहुधा मिथेनॉल असते. यकृत त्याचे फॉर्मिक आम्ल बनवते आणि ते डोळ्यांच्या नसेवर घाला घालते. त्रास बारा ते चोवीस तासांनी सुरू होत असल्याने माणूस आधी नेहमीसारखा झोपून उठतो आणि मग “समोर सगळं पांढरं धुकं दिसतंय” असे सांगत येतो. हे वाक्य ऐकले की रक्तातील आम्लता तपासून लगेच फोमेपिझोल हा उतारा, तो नसेल तर औषधी इथेनॉल, आणि डायलिसिस यांची तयारी करावी लागते. सोबत कोण कोण प्यायले होते, त्यांनाही त्याच वेळी शोधून आणायचे असते, मग ते कितीही ठीक वाटत असोत.

अबोली

एक बाजू राहून गेली असे वाटते म्हणून लिहिते. मला एकदा अशाच एका रुग्णाची लाथ बसून मनगट मोडले होते. तीन आठवडे प्लास्टर होते आणि त्यानंतर कित्येक महिने दारूचा वास आला की माझे पाय दारातच थबकायचे. त्या काळात मी चांगली परिचारिका नव्हते, रुग्णांशी तुटक बोलायचे. वागणूक सुधारा असे कर्मचाऱ्यांना सांगणे सोपे आहे, पण रात्रपाळीत वीस खाटांना दोन परिचारिका असतील आणि हल्ला झाल्यावर कुणी साधी विचारपूसही करणार नसेल, तर माणूस कठोर होतो. मला पुन्हा माणसात आणले ते एका वरिष्ठ सिस्टरांनी. पुढचे दोन महिने अशा प्रत्येक रुग्णाकडे त्या माझ्यासोबत येऊन उभ्या राहिल्या. कुणी सोबत उभे आहे एवढ्याने हात स्थिर होतात.

शब्दवेल

अंतर्नाद, आपले उत्तर मी भावाला वाचून दाखवले. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, “म्हणजे तेव्हा मी खोटं बोलत नव्हतो, हे तुला आता पटलं.” त्याच्यावर मी मनातून संशय घेतच होते, हे मला आत्ता कळले. तो गेले आठ महिने ब्युप्रेनॉर्फिनवर आहे.

एक व्यवहारातला प्रश्न. अशी वेळ पुन्हा आलीच, तर घरच्यांनी नेमके काय करायचे आणि रुग्णालयात काय सांगायचे?

चंद्रकोर

शब्दवेल, आधी घरातले. हाक मारून, खांदा हलवून तो जागा होत नसेल आणि श्वास संथ असेल, तर रुग्णवाहिका बोलवा. ती येईपर्यंत, श्वास चालू असेल तर त्याला कुशीवर वळवा, वरचा गुडघा वाकवून जमिनीला टेकवा आणि डोके किंचित मागे झुकवून हनुवटी वर ठेवा, म्हणजे उलटी झाली तरी श्वासनलिकेत जाणार नाही. श्वास थांबला असेल तर तोंडाने श्वास द्या आणि छाती दाबायला सुरुवात करा. घरी नॅलॉक्सोनचा नाकात मारायचा फवारा मिळू शकत असेल तर डॉक्टरांना विचारून ठेवा. अतिमात्रा प्रत्यक्ष पाहण्याची शक्यता असलेल्या घरच्यांना ते उपलब्ध असावे, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ साली केली आहे. त्याने शुद्ध आली तरी रुग्णालयात न्यायचेच, कारण आपण अनुभवलेत तेच पुन्हा होऊ शकते. तोंडावर पाणी मारणे, चालायला लावणे, मिठाचे पाणी पाजून ओकायला लावणे यांतले काहीही करू नये. “घोरतोय म्हणजे गाढ झोपलाय” असेही समजू नये. नेहमी न घोरणाऱ्या माणसाचे ते घोरणे अडलेल्या श्वासाचे असू शकते.

निघताना गोळ्यांची रिकामी पाकिटे, बाटली, जे सापडेल ते पिशवीत घालून आणा. आम्हाला सांगायचे ते असे: काय घेतले, किती वाजता, सोबत दारू किंवा झोपेच्या गोळ्या होत्या का, पडताना डोक्याला लागले का, आणि एरवी कुठली औषधे चालू आहेत. ब्युप्रेनॉर्फिन चालू आहे हे भावाच्या बाबतीत अगदी पहिल्या वाक्यात सांगा, कारण त्यावरून वेदनाशामकाची निवड बदलते, आणि ते कुणी परस्पर बंद करू नये. सांगायला संकोच वाटला तर कागदावर लिहून माझ्यासारख्या कुणाच्या हातात द्या. आम्ही तो कागद केसपेपरला टाचून ठेवतो आणि सकाळी पाळी बदलते तेव्हा पुढच्या डॉक्टरांना तो सर्वांत आधी दिसतो.